धुऱ्यावरचा अडुळसा

दुर्गाबाईचा हात मोडला आणि त्या एका हातापायी सगळं गाव अडचणीत आलं.

मोडला तोही स्वतःच्याच धुऱ्यावर. कटंगीच्या ट्रॅक्टरवाल्यानं चिखलणी नीट केली की नाही, हे बघायला ती धानाच्या बांधीवर गेली होती. दोन बांध्यांमधला मातीचा धुरा पावसानं लोण्यासारखा झाला होता. पाय सरकला, अंगाखाली उजवा हात आला आणि मनगटात काडी मोडल्यासारखा आवाज झाला. चिखलात बसल्या बसल्याच तिनं डाव्या हातानं मनगट धरलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "पांडुरंगा, डोक्श्यावर नाई पाडलं. बरं केलंस."

घरी येऊन लुगडं बदललं आणि बसची वाट धरली. सून श्रुतिका लहानग्या इराला मांडीवर घेऊन दारात बसली होती. ती घाबरून म्हणाली, "आई, तुम्ही निरगुडी बांधत नाही का? सगळ्यांना तर बांधता."

"सूज असती तं बांधली असती. हे हाड हाय. हाडाले डाक्टरच पाह्यजे."

दुपारच्या बसनं ती परतली ती कोपरापर्यंत पांढरं पलस्तर घालून. हापशीवरच्या बाया आधी हळहळल्या आणि मग हसल्या. "वैदीणीलेच पलस्तर," एक म्हणाली. दुर्गाबाईही हसली. तिच्या हसण्याला कधी पैसे पडत नसत, औषधालाही नसत.

पण हसणं तेवढ्यावरच थांबलं, कारण धानाची रोवणी तोंडावर होती.

दुर्गाबाईच्या घरी औषधाची विद्या सासूकडून आली होती. खोकल्याला अडुळसा, सुजेला निरगुडी, तापाला गुळवेल, लेकरांना उगाळून घुटी. सगळं परसात नाही तर धुऱ्यावर उगवणारं. पाला तोडताना झाडाला हात लावून देवाचं नाव घ्यायचं आणि लागेल तेवढाच तोडायचा. सासूनं विद्या दिली तेव्हा एक अट घातली होती. जमिनीनं आपल्यापासून काही घेतलं नाही, आपणही ज्याला औषध दिलं त्याच्यापासून काही घ्यायचं नाही. पैसा नाही, दाणा नाही, हाताची मेहनत नाही. 'उपकार झाले' हा शब्दसुद्धा कानावर घ्यायचा नाही. घेतला की हातातला गुण गेला. आणि ज्याला गुण आला होता, त्याचं दुखणं परत दाराशी आलं.

गावानं ही अट अंगी बाणवली होती. बरं झालेला माणूस दुसऱ्या दिवशी रस्त्यात दुर्गाबाई दिसली की मान खाली घालून निघून जायचा. श्रुतिका बालाघाट शहरातून लग्न होऊन आली, तेव्हा पहिला महिनाभर तिला वाटत होतं की सासूचं अख्ख्या गावाशी भांडण आहे. एका रात्री तिनं नवऱ्याला, राजूला विचारलंही होतं, "तुम्हारी माँ ने इन लोगों का क्या बिगाड़ा है?" राजू हसून लोळला होता.

राजू आता नागपूरला कारखान्यात होता. इराच्या जन्माच्या वेळी त्यानं सगळी सुट्टी खर्चून टाकली होती. फोनवर म्हणाला, "आई, गावातल्या बाया सांग ना."

तिथंच तर घोडं अडलं होतं. दर वर्षी दुर्गाबाई पाळीनं काम करायची. आज हिच्या बांधीत, उद्या तिच्या बांधीत. कामाला काम, कोणाचं कोणावर काही नाही. यंदा तिचा हात गळ्यात बांधलेला. ती कोणाच्या बांधीत वाकणार? आणि ती वाकणार नसेल, तर दुसऱ्यांनी येऊन वाकणं म्हणजे तिनं मेहनत घेतल्यासारखंच की.

श्रुतिकाला हे पटेना. ती इराला सासूजवळ ठेवून रोजीच्या बाया बघायला गेली. पहिल्याच घरी तिला पाट दिला, चहा दिला. रोजी म्हणताच घरधनीण दोन्ही कान धरून म्हणाली, "दुर्गाबाईपासून रोजी? माह्या तिन्ही लेकरायले तिनं वाढोलं बापा. तिच्यापासून पैसा घेऊन नरकात जाऊ का?"

"मग बिना पैशाच्या या."

"बिना पैशाची आली तं तिचा गुण जाते. गावानं कोणाकडं जाव मंग?"

दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. बाहेरच्या बायांच्या टोळ्या तर कधीच्याच तुमसरकडं ठेक्यानं गेल्या होत्या. श्रुतिका परत आली ती पाय आपटत. "आई, हे लोक पागल आहेत. पैसे घेत नाहीत, फुकट येत नाहीत."

"बरोबर करून राह्यले," दुर्गाबाई म्हणाली आणि डाव्या हातानं इराच्या टाळूवर तेल चोपडू लागली.

"मग धान कोण लावणार? मी लावते."

"तुह्या बाळंतपणाले महिना नाई झाला. चिखलात पाय घालशीन तं माह्याशी गाठ हाय."

इकडं धानाचे पऱ्हे उंच होत चालले होते. रोपाचं एक वय असतं. ते उलटलं की पात पिवळी पडते, खाली गाठ धरते आणि मग कितीही खत टाका, लोंबी यथातथाच. दुर्गाबाई सकाळ-संध्याकाळ धुऱ्यावर उभी राहून बघायची. तिच्या दोनच बांध्या होत्या. वर्षाचा भात त्यांतून यायचा. आजूबाजूच्या बांध्या हिरव्या होत गेल्या. मधोमध तिच्या दोन बांध्या तेवढ्या चिखलाच्या, आभाळ दाखवत पडलेल्या.

एका सकाळी आठ-दहा बाया कासोटा घालून तिच्या धुऱ्यावर येऊनच उभ्या राहिल्या. काही ठरवून आल्या होत्या. सगळ्यांत थोरली म्हणाली, "आमी इसरलो म्हणून समज. कोणं औषध घेतलं, कोणं नाई, काई ध्यानात नाई आमच्या."

दुर्गाबाईनं एकेकीकडं बोट केलं. "तुले कावीळ झालती, मी घुटी नाई देली, कटंगीले धाडलं, पन पथ्याचं माह्याच हातचं खाल्लं. तुह्या पाठीले निरगुडी. तू तं अडुळश्यावरच जगली गं. जा बायाहो, परत जा. तुमी इसरलात तरी आंग इसरत नाई."

बाया उभ्याच राहिल्या. मग एकेक वळली. एकीनं पदरानं डोळे पुसले. रिकाम्या हातानं परतणाऱ्या त्या बायांकडं बघवेना, म्हणून दुर्गाबाई धुऱ्यावरच्या अडुळशाची उगाच वाळकी पानं खुडत राहिली.

हा अडुळसा तिच्या आणि प्रेमलालच्या बांधीमधल्या धुऱ्यावर होता. सासूनं लावलेला, आता माणसाच्या उंचीचं कुंपणच झालेला. प्रेमलालचं म्हणणं होतं की झाडाच्या मुळ्यांनी धुरा त्याच्या बाजूला सरकवला आणि हातभर जमीन खाल्ली. पटवारी येऊन मोजून गेला, तरी त्याचं समाधान झालं नव्हतं. तो दुर्गाबाईशी बोलत नसे. अडुळशाला बकरीचा चारा म्हणे. "पाला खाऊन बकऱ्या बऱ्या व्हतेत, मानसं नाई," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्याला काही झालं की तो सरळ कटंगीच्या दवाखान्यात जायचा आणि गोळ्यांची पाकिटं खिशात वाजवत यायचा.

चातुर्मास होता. मारुतीच्या देवळात दिवाबत्तीनंतर महागूचं कीर्तन चाललं होतं. महागू शेतकरीच, पण गळा देवानं दिलेला. पावसाळ्यात तो गळा बसायचा आणि दुर्गाबाईच्या काढ्यानं सुटायचा. हे सगळं गाव जाणून होतं आणि अटीमुळं कोणी बोलत नव्हतं. त्या संध्याकाळी टाळ निवले, मृदंगावर हात थांबला आणि महागू हळू आवाजात म्हणाला:

"देव देतो तवा त्याचा हात दिसत नाई. म्हणून आपल्याले सोपं वाटते. पन मानसाच्या हातानं देल्लं तं काय करावं? हात जोडाव म्हटलं तं मनाई. भरून द्यावं म्हटलं तं मनाई. म्हंजे घेऊन घेऊन आपले हात असे बांधले गेले, की आता द्यायची येळ आली तं गावात एक मोकळा हात नाई." तो थांबला. सगळ्यांना कोणाबद्दल बोलणं आहे ते कळलं होतं. नाव त्यानं घेतलं नाही. "या सभेत असा कोनी हाय का, ज्याच्या पोटात त्या हातचा एक घोट नाई गेला? एक तरी दाखवा. मी त्याच्या पाया पडतो."

लोक एकमेकांकडं बघून गालात हसू लागले. म्हातारे खाली बघू लागले. क्षणभर देवळात पावसाच्या पागोळ्यांचाच आवाज उरला.

आणि त्या शांततेत मागं खांबाशी टेकलेला प्रेमलाल खोकला.

कोरडा, ओढलेला, दाबून दाबूनही न दबणारा खोकला. हप्ताभर तो त्याच्या मानगुटीवर बसला होता. एकेक करून सगळ्या माना मागं वळल्या. महागूही बघत राहिला. बायांच्या बाजूला बसलेल्या दुर्गाबाईनं तेवढी मान वळवली नाही.

प्रेमलालनं तोंडाला उपरणं लावलं आणि चपला शोधत बाहेर निघून गेला.

सकाळी दुर्गाबाई धुऱ्यावर आली तर तिच्या बांधीत माणूस वाकलेला. धोतर मांड्यांपर्यंत खोवलेलं, डोक्यावर प्लास्टिकचा घोंगता. पऱ्ह्यांच्या चार पेंड्या उपटून बाजूला ठेवलेल्या.

"प्रेमलाल?"

तो सरळ झाला नाही. "तुह्या बांधीचं पानी माह्या बांधीत उतरते. ही पडीक राह्यली तं गवताचं सारं बी माह्याकडं येईन. मी माह्या मतलबासाठी करून राह्यलो. ध्यानात ठेव, वहिनी."

"रोजी घेशीन?"

"तुह्यापासून रोजी घेतली तं गाव मले जगू देईन का?"

मागून त्याची बायको आनंदी घाईघाईनं आली. लुगडं खोवलेलं, हातात जेवणाचा डबा. धुऱ्यापर्यंत आली आणि तिथंच थबकली.

"उतर ना," प्रेमलाल म्हणाला.

"मले नाई उतरता येत."

"काहून?"

आनंदीनं डबा या हातातून त्या हातात घेतला. "राहुलच्या बाळंतपणात मले दूध नव्हतं. तवा शतावरी देलती यायनं."

प्रेमलाल आता मात्र सरळ झाला. "तू पेली? माह्या घरात राहून?"

"पेली. त्याच दुधावर वाढला तुमचा पोट्टा."

"मंग राहुल तरी..."

"राहुल घुटी चाटूनच मोठा झाला जी."

प्रेमलाल आळीपाळीनं बायकोकडं, अडुळशाकडं, आभाळाकडं बघत राहिला. "म्हंजे घरात मी एकटाच," तो म्हणाला.

"घरात काय, गावात," आनंदी म्हणाली, आणि इतके दिवस कोमेजलेली दुर्गाबाई पदर तोंडाला लावून खुदकन हसली.

रोवणं हे बायांचं काम. पुरुष नांगर धरतो, पेंड्या वाहतो, पण कमरेत वाकून ओळीनं रोप टोचणं त्याला माहीत नसतं. प्रेमलालच्या ओळी सापासारख्या जात. आनंदी धुऱ्यावर बसून सांगे, "मूठ लहान धरा. इतकं खोल नका दाबू, रोप हाय ते, खुंटा नाई." रस्त्यानं जाणारा राजेंद्र सायकल थांबवून म्हणाला, "काका, लुगडं नेसून येता का?"

"तूच नेसून ये. मले जोडीदार व्हईन."

"मले मनाई हाय काका. मी पोटातच काढा पेलो," म्हणून तो पायडल मारत पळाला.

दुर्गाबाई डाव्या हातानं पेंड्या फेकी. नेम चुके. कधी पेंडी लांब पडे, कधी प्रेमलालच्या पुढ्यातच आदळून चिखल त्याच्या तोंडावर उडे. तो मनगटानं तोंड पुसून पुन्हा वाके. दुपारनंतर त्याची कंबर धनुष्यासारखी राही. चिखलानं बोटांमधली कातडी पांढरी होऊन सोलली. श्रुतिका इराला छत्रीखाली घेऊन येई आणि लांबूनच जेवण ठेवून जाई.

तिसऱ्या प्रहरी त्या परत गेलेल्या बाया आल्या. पलीकडच्या धुऱ्यावर ओळीनं बसल्या.

"कायले आल्या?" दुर्गाबाईनं विचारलं.

"बांधीत नाई उतरत. देवाचं नाव घेतो. तेबी मनाई हाय का?"

दुर्गाबाईनं विचार केला. "नाव देवाचं हाय. मले थोडीच देऊन राह्यल्या."

बायांनी गजर धरला. ओल्या वाऱ्यावर तो बांध्याबांध्यांवरून सरकत गेला. कोण कोणासाठी गातंय हे कोणी बोललं नाही. प्रेमलालचा हात हळूहळू त्या ठेक्याला लागला आणि संध्याकाळच्या ओळी सकाळपेक्षा सरळ आल्या.

मात्र खोकला वाढत होता. दिवसभर पाठीवर पाऊस, पाय पाण्यात. वाकला की उबळ यायची, मग दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून तो उभा राहायचा. दुर्गाबाईला बघवेना. घरी जाऊन तिनं अडुळशाची पानं वाफवून रस काढला, आल्याचा तुकडा ठेचला, गूळ घातला. एका हातानं कसंबसं गाळून झाकलेला पेला बांधीवर आणला.

"घे. गरम हाय तवरच पे."

प्रेमलालनं झाकण उचलून वास घेतला. खोकला पुन्हा उसळला. पेला ओठांजवळ आला आणि थांबला.

"नको, वहिनी."

"काहून? बकरीचा चारा म्हणून?"

"तसं नाई." त्यानं झाकण परत ठेवलं. पलीकडं गाणाऱ्या बायांकडं हनुवटीनं दाखवत तो म्हणाला, "पेलो तं उद्यापासून मले त्यायच्यात बसा लागन. मंग ही बांधी कोन रोवन?"

दुर्गाबाईनं पेला धुऱ्यावर ठेवला. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. जन्मभर नाही म्हणणारा हात तिचा असायचा. आज तिच्याच हातचं कोणी तिच्याचसाठी नाकारत होतं.

"राहू दे पडीक," ती म्हणाली. "पे तू. भाताचं पाहू कसं तरी."

"एक बांधी झाली. दुसरी राह्यली. जा, पेंड्या आण."

"आनि हा अडुळसा? तुह्या डोळ्यात खुपते ना हा? तू म्हनशीन तं मेहनतीच्या बदल्यात तोडून टाकतो. विळा आण आनंदी."

प्रेमलालनं त्या झाडाकडं पाहिलं. दुर्गाबाईच्या तोंडून शब्द गेला होता, माघारी घेता येणार नव्हता. सासूच्या हातचं झाड. त्यावर निम्म्या गावाचा श्वास चालला होता.

"आधी रोवणं होऊ दे," एवढंच तो म्हणाला आणि वाकला.

त्यानंतर रोज ती काढा करून आणी आणि रोज तसाच घरी परत नेई. डोळ्यांसमोर खोकणारा माणूस, परसात औषध, आणि मधे तिचीच अट. संध्याकाळी देवापुढं दिवा लावताना ती म्हणे, "विठ्ठला, त्याच्या छातीले सांभाळ. मी हाय, पन माहे हात त्यानं बांधले." आणि म्हणता म्हणता तिला समजे की गावाला इतकी वर्षं असंच वाटत असेल. देणं सोपं होतं. मुकाट घेऊन बसणं किती जड असतं, ते आता कळत होतं.

दुसऱ्या बांधीच्या शेवटच्या कोपऱ्यात प्रेमलालनं शेवटची मूठ टोचली तेव्हा उघाड पडली होती. बायांचा गजर थांबला. दोन्ही बांध्या वेड्यावाकड्या ओळींनी हिरव्या झाल्या होत्या. सगळ्यांत आधी लावलेल्या रोपांनी तर मानाही धरल्या होत्या. त्यानं नालीत हातपाय धुतले, उपरण्यानं पुसले आणि धुऱ्यावर दुर्गाबाईसमोर येऊन बसला. उजवा हात पुढं केला.

"आण आता."

दुर्गाबाईनं पेला आणला होताच. पण दिला नाही. मागं धरला.

"थांब. पेल्यावर तुह्या-माह्यात बोलनं व्हनार नाई. आधी मले बोलू दे." ती बोलायला गेली आणि अडखळली. जो शब्द तिनं जन्मभर कोणाला उच्चारू दिला नव्हता, तो तिच्या स्वतःच्या जिभेलाही सवयीचा नव्हता. श्रुतिका इराला घेऊन शेजारी उभी होती.

"प्रेमलाल," दुर्गाबाई म्हणाली, "या लेकराच्या घरात यंदा नवा भात शिजन तो तुह्यामुळं. तुहे माह्यावर उपकार झाले." आणि पलस्तरातला हात जमेल तेवढा वर नेऊन तिनं डाव्या हाताला जोडला.

पलीकडच्या धुऱ्यावर एकही बाई हलली नाही. प्रेमलाल कावराबावरा झाला. बायकोकडं बघू लागला. आनंदी दुसरीकडं बघत होती.

"दे वो, गार व्हते," तो कसाबसा म्हणाला.

त्यानं पेला तोंडाला लावला. कडू रसानं तोंड वाकडं झालं, पण खालचा साकासुद्धा ठेवला नाही. दुर्गाबाई आपल्या नेहमीच्या सुरावर आली. "तीन सांजा घे. थंड पानी नको. आनि हप्त्यात उतरला नाई तं कटंगीले छाती दाखव. हट्ट नको करू."

प्रेमलालनं पेला खाली ठेवला. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. दुर्गाबाईनं लगेच बोट ओठांवर नेलं. त्यानं तोंड मिटलं.

"आता गावात कोनीच नाई उरलं," आनंदी हसत म्हणाली. "पुढच्या साली कसं?"

"पुढच्या साली माहा हात राहीन," दुर्गाबाई म्हणाली. "पांडुरंगाची कृपा. तुमच्या बांधीत मीच येतो पाळीनं."

प्रेमलाल उठला. उपरणं खांद्यावर टाकून तो धुऱ्यानं घराकडं निघाला. मान खाली, साऱ्या गावासारखी. अडुळशापाशी मात्र तो थांबला. पावसानं बुंध्याची माती वाहून गेली होती आणि त्याच्या बाजूची मुळी उघडी पडली होती. त्यानं वाकून स्वतःच्या बांधीतला ओंजळभर चिखल उचलला, मुळीवर थापला आणि टाचेनं दाबू लागला.

दुर्गाबाईनं चटकन तोंड फिरवलं आणि इराला खेळवू लागली. पाहिलं असतं, तर ते घेतल्यासारखं झालं असतं.